टीव्हीवरच्या कामाला फक्त दोन ओळी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत दिलीप प्रभावळकरांच्या कारकिर्दीवर पानभर लेख आला होता, तो मी सकाळी चहा घेताना एकदा वाचला आणि दुपारी सगळी आवराआवर झाल्यावर परत एकदा नीट वाचला. लेख छान होता, लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलाय हे कळत होतं. पण वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं म्हणून पेन घेऊन बसले. नाटकांवर जवळजवळ अर्धं पान होतं, सिनेमावर उरलेलं अर्धं, नॅशनल अवॉर्डची चौकट वेगळी, आणि शेवटी 'त्यांनी काही मालिकांमधूनही काम केले' असं म्हणून चिमणराव आणि टिपरे अशी दोन नावं कंसात टाकली होती. बस, एवढंच. मी काही पत्रं वगैरे लिहिणारी नाही, पण ते दोन ओळींचं वाक्य मला खरंच लागलं. ज्या कामामुळे हा माणूस आमच्या घरात आला, आमच्यासारख्या लाखो घरात आला, ते काम कंसात कसं काय जातं?

आधी आमच्या घरातलं सांगते, म्हणजे मी का लिहितेय ते कळेल. २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा मी कॉलेजला होते. आजी जाऊन सहाएक महिने झाले होते आणि आजोबांनी बोलणं जवळपास सोडलंच होतं. जेवायला हाक मारली की यायचे, खाली मान घालून जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे आणि परत खोलीत. बाबांनी खूप प्रयत्न केले, देवळात नेलं, जुन्या मित्रांकडे नेलं, काही उपयोग नाही. आम्ही बाहेर टिपरे लावून बसायचो आणि आवाज मोठा असायचा. तर एक दिवस ते दारात येऊन उभे राहिले. बसले नाहीत, चौकटीला हात लावून उभेच. पुढच्या आठवड्यात येऊन खुर्चीत बसले. आणि त्याच्या पुढच्या का त्याच्याही पुढच्या आठवड्यात, मला नक्की आठवत नाही, टीव्हीवरचे आबा, म्हणजे प्रभावळकरांनी केलेले टिपरे आजोबा, काहीतरी मिश्कीलपणा करून नातवाकडे बघून हसले आणि आमचे आजोबा पण हसले. आवाज काढून हसले. आई स्वयंपाकघरातून कणकेच्या हाताने बाहेर आली होती बघायला, ती तशीच उभी, आणि आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो कारण बघितलं असतं तर रडलो असतो.

नंतर टीव्हीवरच्या आबांसारखी आजोबांनी पण डायरी लिहायला घेतली. कुठल्याशा बँकेने फुकट दिलेली, दोन वर्षं जुनी, तारखा खोडून वर नव्या तारखा घातलेली. ती आजही माझ्याकडे आहे. त्यात काही मोठं नाहीये हो. 'आज मेथी आणली. जुडी लहान. सुनेने काही म्हटले नाही.' असं आहे. 'आज गुडघा बरा' असं आहे. पण जो माणूस सहा महिने बोलला नाही तो रोज चार ओळी लिहायला लागला.

आता हे कोणी म्हणेल की तुमच्या घरची गोष्ट आहे, ह्यात ॲक्टिंगचं काय. तर ॲक्टिंगचंच आहे. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे टिपरे सुरू झाली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, आणि दिसत होते चांगले पंच्याहत्तरीचे. नुसती पांढरी विग घालून आणि कंबरेत वाकून म्हातारा होत नाही, ते आपण कितीतरी ठिकाणी बघतो, वाकलेला माणूस संवाद आला की सरळ होतो आणि तरुण आवाजात बोलायला लागतो. इथे तसं कधी झालं नाही. खुर्चीतून उठायच्या आधी आबा दोन्ही हात गुडघ्यावर ठेवायचे आणि एक क्षण थांबायचे, मग उठायचे. तो एक क्षण आमच्या आजोबांचा होता, अगदी तोच. कोणीही म्हातारं माणूस घरात असलेल्याला तो थांबण्याचा क्षण माहिती असतो. आणि एवढं करून म्हातारपणाचं रडगाणं कुठे नाही, डोळ्यात सतत काहीतरी खोडी चाललेली. सुनेची बाजू घ्यायची वेळ आली की मुलाला न दुखावता घ्यायची, नातवंडांच्या भानगडीत शहाणपणा न शिकवता शिरायचं. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक ही सगळी मंडळी इतकी घरच्यासारखी होती की ह्यांचं खरंच नातं नाहीये हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आणि मुळात ती सगळी माणसं प्रभावळकरांनीच आपल्या 'अनुदिनी' ह्या डायरीवजा सदरात लिहून ठेवलेली होती. म्हणजे बघा, आधी स्वतः लेखक म्हणून एक अख्खं कुटुंब कागदावर उभं करायचं, त्यातल्या प्रत्येकाच्या वयाने विचार करायचा, आणि मग त्यातल्याच आजोबांच्या अंगात शिरायचं. लेखात ह्याबद्दल एक शब्द नाही.

त्यातून अजून एक गोष्ट जी मला आत्ता हे लिहायला घेतल्यावर लक्षात आली. टिपरे चालू होती २००१ ते २००४. त्याच्या मधेच, २००२ ला, 'एन्काउंटर: द किलिंग' हा हिंदी सिनेमा आला. अजय फणसेकरांचा, नसीरुद्दीन शाह होते त्यात. त्यात प्रभावळकर पुनप्पा नावाचा म्हातारा गुन्हेगार झालेत. तो सिनेमा मी खूप नंतर बघितला, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. तेच वय, तोच चेहरा, साधारण तसंच म्हातारं शरीर, आणि आबांचा मागमूस नाही. एकीकडे दर आठवड्याला घरोघरी लाडका आजोबा होऊन यायचं आणि त्याच काळात दुसरीकडे अंगावर काटा आणणारा माणूस व्हायचं. लेखात एन्काउंटर सिनेमाच्या परिच्छेदात आहे आणि टिपरे खाली कंसात, म्हणून ही दोन्ही कामं एकाच वेळची आहेत हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. पण करियरची गंमत तर त्यातच आहे ना! माणूस काय सोमवारी नाटकवाला, मंगळवारी सिनेमावाला असा कप्पे करून जगतो का?

चिमणरावांचं मी स्वतः बघितलेलं नाही, माझा जन्म नंतरचा, पण आई अजून त्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ ला आणि चिमणराव आले त्यानंतर पाचेक वर्षांनी. आईच्या चाळीत तेव्हा एकच टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाईट, आणि त्या दिवशी त्या घरात सतरंजी घालून वीस-पंचवीस माणसं बसायची, मागे उशिरा आलेली गॅलरीत उभी राहून खिडकीच्या गजातून बघायची. चिमणराव मुळात ज्यांनी लिहिला त्या चि. वि. जोशींच्या गोष्टी वाचलेली मंडळी त्यात होतीच, आणि वाचलेल्या लोकांना खूश करणं सगळ्यात अवघड असतं कारण त्यांचा चिमणराव त्यांच्या डोक्यात आधीच तयार असतो. शिवाय पडद्यावर चिमणराव आधी होऊन गेला होता, १९४० च्या 'लग्न पहावं करून' मधे दामूअण्णा मालवणकरांनी केला होता, आईच्या वडिलांच्या पिढीसाठी चिमणराव म्हणजे तेच. अशा सगळ्या लोकांसमोर हा तिशीतला मुलगा, औषध कंपनीत नोकरी करता करता नाटकं करणारा, टोपी आणि कोट घालून उभा राहिला, आणि शेजारी बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. आई म्हणते की पहिल्या दोन भागात चाळीतल्या एका आजोबांनी नाक मुरडलं होतं, हा काही चिमणराव नव्हे म्हणून, आणि तिसऱ्या भागापासून तेच आजोबा सगळ्यात आधी येऊन पुढची जागा धरायला लागले.

बरं, ही एवढी मोठी लोकप्रियता म्हणजे नटासाठी सापळाच की. रस्त्यात लोक चिमणराव म्हणूनच हाक मारणार, निर्माते तसलेच भित्रे, गोंधळलेले रोल घेऊन येणार, आणि आयुष्य त्यातच जाऊ शकतं, किती जणांचं गेलेलं आपण बघितलंय. ह्या माणसाने तसं होऊ दिलं नाही, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं मूळ तिथे आहे. एकदा टीव्हीने एका चेहऱ्यात अडकवल्यावर तो चेहरा रोज नवीन करायचा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' मधली चेटकीण, 'वासूची सासू' मधली बाई, जयवंत दळवींच्या 'नातीगोती' मधला काटदरे, आणि मग स्वतःच लिहिलेलं 'हसवाफसवी', ज्यात एकाच प्रयोगात सहा माणसं. त्यातले कृष्णराव हेरंबकर मी लहानपणी आईबाबांबरोबर बघितलेत. हसायला म्हणून गेलो होतो सगळे आणि ते थकलेले नटवर्य समोर आले तेव्हा हसता हसता बाबा चष्मा काढून पुसत होते हे मला स्पष्ट आठवतं.

नातीगोती आणि चौकट राजा ह्याबद्दल मात्र थोडं जास्त बोलू द्या कारण तुमच्या लेखात दोन्हीचा उल्लेख आहे पण लांब लांब आहे, एक नाटकात आणि एक सिनेमात. नातीगोती मधे ते मतिमंद मुलाचा बाप होते. साधा मध्यमवर्गीय बाप, मुलगा अंगाने मोठा होत चाललाय आणि आपल्यानंतर ह्याचं काय हा प्रश्न घेऊन रोज उठणारा. आणि १९९१ ला आलेल्या संजय सूरकरांच्या 'चौकट राजा' मधे ते स्वतः नंदू झाले, लहानपणी पडून मेंदूला मार बसलेला मुलगा, शरीराने मोठा झालेला. म्हणजे त्याच दुःखाकडे आधी एका बाजूला उभं राहून बघितलं आणि मग दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. आमच्या ओळखीत एका घरी असा मुलगा आहे. त्याच्या आईने मला सांगितलेलं, की नंदूचे हात बघ. बोलण्याकडे नको बघू, ते कोणीही करेल. हात बघ. त्याला काही धरायचं असतं तेव्हा बोटं कशी आधीच तयार होतात आणि तरी वस्तूवर नीट पोचत नाहीत. मी परत सिनेमा लावून फक्त हात बघितले. तेव्हापासून मला कोणी अभिनय म्हणजे काय विचारलं तर मला ते हात आठवतात.

मग सिनेमाचं कौतुक नको का? हवंच आहे. 'झपाटलेला' १९९३ चा, त्यात ते माणूस म्हणून किती थोडा वेळ दिसतात, नंतर सगळं रामदास पाध्येंच्या बाहुल्याचं काम, आणि तरी तात्या विंचू म्हटलं की आधी प्रभावळकरांचा चेहरा समोर येतो. २००६ ला 'लगे रहो मुन्नाभाई' मधले गांधीजी. त्याला आणि 'शेवरी' ला मिळून त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सगळ्या देशाला हा माणूस तेव्हा कळला आणि आम्ही इकडे म्हणत होतो की अहो हे तर आमचे आबा. हे सगळं तुमच्या लेखात व्यवस्थित आलंय, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं म्हणणं असं आहे की टीव्हीचं काम वेगळं असतं आणि काही बाबतीत जास्त अवघड असतं, आणि ते कोणी लिहीतच नाही. सिनेमात नटाला शेवट माहीत असतो. स्क्रिप्ट हातात असते, हा माणूस कुठून निघाला आणि कुठे पोचणार हे धरून तो काम करतो. नाटकात तर रोज तेच परत करून घासून पुसून घेता येतं, आज चुकलं तर उद्या दुरुस्त. सिरीयलमधे शेवटच नसतो. तीन वर्षं एक माणूस व्हायचं आणि पुढच्या महिन्यात ह्या माणसाचं काय होणार हे तुम्हालाच माहीत नाही. लिखाण कधी उत्तम येतं, कधी पाणचट येतं, पाणचट आलं म्हणून आबा त्या दिवशी वेगळे वागू शकत नाहीत, नटाने स्वतःच्या जिवावर त्या माणसाला सांभाळायचं. आणि बघणारे अंधारात तिकीट काढून बसलेले नसतात. भाजी निवडत, पोरांचा अभ्यास घेत, फोनवर बोलत बघत असतात, मधेच कुकरची शिट्टी होते. त्यांची मान वर करायला लावायची, तेही मोठ्याने न ओरडता, ही काय साधी गोष्ट आहे? आणि तेव्हाच्या सिरीयल निदान आठवड्यातून एकदा असायच्या, विचाराला वेळ मिळत असेल. आताच्या रोजच्या सिरीयलमधे काम करणाऱ्या मुलामुलींना बारा-बारा तास सेटवर उभं राहावं लागतं आणि सीन कधीकधी ऐनवेळी हातात येतो असं तेच सगळे मुलाखतींमधून सांगत असतात. त्यांच्यातही कोणीतरी असेल जे आत्ता कुठल्यातरी घरातल्या न बोलणाऱ्या माणसाला दारापर्यंत आणत असेल. त्यांच्याबद्दल पण लिहून येतं ते फक्त कोणाचं लग्न ठरलं आणि कोण सिरीयल सोडून गेलं.

हे फक्त प्रभावळकरांच्या बाबतीत होतं असं नाही. अशोक सराफांवर काहीही वाचा, सिनेमांची मोठी यादी असते, पण १९९५ ला सुरू झालेल्या 'हम पांच' मुळे ज्या लोकांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता त्यांनी ह्या माणसाला ओळखलं, ते कोपऱ्यात कुठेतरी असतं. टीव्ही म्हणजे नटाने मधल्या काळात घर चालवायला केलेलं काम, असा एक समज लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बसलाय. असेलही काहींच्या बाबतीत. पण 'साळसूद' मालिकेतला प्रभावळकरांचा तो गोडबोल्या, आतून काळा माणूस ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा हे घर चालवायला केलेलं काम होतं का. आणि ज्या माणसाने २०१७ ला, बहात्तरी उलटून गेल्यावर, 'चूक भूल द्यावी घ्यावी' साठी परत सिरीयलच्या सेटवर जायचं ठरवलं, तो टीव्हीला दुय्यम समजत असेल असं मला तरी वाटत नाही.

अजून एक दुखणं आहे. नाटकाचं पुस्तक छापलं जातं, सिनेमाची प्रिंट कुठेतरी असते, पण आमच्या टीव्हीचं काय? मागच्या वर्षी आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता तेव्हा मी ठरवलं की तिला चिमणराव दाखवायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन-तीन दिवस सुट्टी काढून मायलेकी बसून बघू. मी रोज रात्री शोधत होते. इकडे एक भाग, तिकडे एक तुकडा, एकाचा आवाज पुढे आणि चित्र मागे. सलग मालिका काही मला मिळाली नाही. जे मिळालं ते लावलं. आई टीव्हीच्या एकदम जवळ खुर्ची ओढून बसली आणि अर्ध्या तासात ते संपलं तर म्हणाली, पुढचा लाव ना. पुढचा नव्हता. आजच्या पोराला प्रभावळकरांचा गांधी दोन मिनिटात मोबाईलवर दिसतो, आणि चिमणराव, ज्यापासून महाराष्ट्राने त्यांना घरातलं मानलं, तो असा तुकड्या-तुकड्यात. जी गोष्ट बघायलाच मिळत नाही ती मग लेखात पण कंसातच जाणार, लिहिणाऱ्या तरुण पत्रकाराचा तरी काय दोष, त्याने बघितलेलंच नसेल.

मागच्या सप्टेंबरात म्हणजे २०२५ ला 'दशावतार' आला तेव्हा आम्ही तिघी, आई, मी आणि माझी मुलगी, थिएटरात गेलो होतो. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, बाबुली मेस्त्री होऊन, कोकणातल्या दशावतारी कलावंताचं सोंग अंगावर चढवून उभा. माझ्या मुलीसाठी ते पहिल्यांदाच. ती बाहेर आल्यावर म्हणाली हे आजोबा आधी कशात होते? तर आईने सांगायला सुरुवात केली चिमणरावापासून, मी टिपरेपासून, आणि घरी पोचेपर्यंत रिक्षात आम्ही दोघी एकमेकींचं बोलणं तोडत होतो. आमच्या दोघींच्या तोंडात पहिलं नाव सिनेमाचं आलं नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे. प्रभावळकरांच्या टीव्हीवरच्या कामावर एक वेगळा लेख तुम्ही लिहून घ्या, ज्यांनी त्यांच्याबरोबर सेटवर दिवस काढलेत त्यांच्याकडून. कॅमेरामन, मेकअप करणारे, साउंडवाले, कोणीतरी असेल ज्याला आठवत असेल की आबांची ती खुर्चीतून उठण्याची पद्धत पहिल्या दिवशीच ठरली का हळूहळू आली. ही माणसं आता वयस्कर झाली असतील, उशीर करू नका. आणि तुमच्या वाचकांमधे कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, त्या काळच्या व्हीएचएस कॅसेट पडल्या असतील, घरच्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, तर त्या टाकून देऊ नका, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका, बुरशी लागायच्या आधी कुठूनतरी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पत्रातून एवढं आवाहन छापलंत तरी चालेल, बाकीचं जागेअभावी कापलं तरी हरकत नाही.

आई अजून पुढचा भाग मिळाला का विचारते.

आपली नेहमीची वाचक